नोट आत जाते, पण क्रेडिट कधी येतं, कधी नाही

व्हेंडिंग किंवा गेम मशीनचा नोट अ‍ॅक्सेप्टर (नोट ओळखून आत घेणारा भाग) नोट घेतो, ती स्टॅकरमध्ये म्हणजे नोटांच्या पेटीत पडते आणि क्रेडिट मात्र एखादं कमी पडतं, तेव्हा सेन्सर पुसत बसू नका. सेन्सर घाण असेल तर नोट परत येते. इथे नोट ओळखली गेलेली असते, हरवतो तो पल्स, म्हणजे क्रेडिटसाठी अ‍ॅक्सेप्टर मशीनच्या बोर्डाला पाठवतो तो विजेचा ठोका.

आधी मल्टिमीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या मोडवर) ठेवून अ‍ॅक्सेप्टरच्या 12 व्होल्टच्या पिनांवरच लावा आणि नोट टाका. मोटर ओढताना व्होल्टेज ठळक खाली बसत असेल, तर पॉवर सप्लाय कमजोर आहे किंवा ग्राउंडच्या वायरचा क्रिंप (टर्मिनल, म्हणजे धातूचं टोक, वायरवर दाबून केलेला जोड) सैल आहे. माझ्याकडे क्रिंपच निघाला: वायर वरून घट्ट दिसत होती, पण हलक्या हाताने ओढताच टर्मिनल कनेक्टरच्या खोबणीतून मागे सरकला. नवा टर्मिनल नीट क्रिंप केला.

पल्स आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर असतो. तो लाइन फक्त ग्राउंडला खेचतो. त्यामुळे अ‍ॅक्सेप्टर आणि बोर्डाचा ग्राउंड सामाईक हवाच. बोर्डावर पुल-अप (लाइन वर खेचून ठेवणारा रेझिस्टर) नसेल तर सिग्नल आणि बोर्डाच्या 5 व्होल्टमध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लावा.

तरीही पल्स चुकत असतील तर अ‍ॅक्सेप्टरच्या डिप स्विचने (सेटिंगच्या छोट्या खटक्यांनी) रुंद, म्हणजे जास्त वेळ टिकणारा, पल्स निवडा, पण वीज बंद करूनच. उलट जास्तीची क्रेडिट पडत असतील, तर सिग्नलची वायर हॉपरच्या (नाणी बाहेर देणाऱ्या भागाच्या) मोटरपासून लांब न्या.