अंदमानला पाण्यात उतरायला जाताय? तयारी तिथीपासून सुरू करा

अंदमानला जाणारे बरेचसे लोक गाडीतून उतरतात, किनाऱ्यावर फोटो काढतात आणि पुन्हा गाडीत बसतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) इथे मुक्काम टाकून स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं), स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डाइव्ह करणं), कयाकिंग (छोटी होडी वल्हवणं) आणि थोडी जंगलातली पायपीट करायची असेल, तर तारखेपासून बॅगेपर्यंत सगळं समुद्राच्या कलाने ठरवावं लागतं.

१. तारीख कॅलेंडरवर बघून ठरवा

अंदमानवर दोन्ही मोसमी पाऊस पडतात. त्यामुळे डिसेंबरचा उत्तरार्ध ते एप्रिल हा काळ सगळ्यात भरवशाचा. त्यातही तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी येते आणि ओहोटीला पाणी लांबवर ओसरतं. शहीद द्वीपावरचा नैसर्गिक दगडी पूल आणि खडकांमधल्या डबक्यांतले खेकडे, समुद्रकाकड्या पाहायला हेच दिवस चांगले. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याची ओढ कमी असते. पहिल्यांदाच स्नॉर्केलिंग करणाऱ्याने हे दिवस साधावेत. रात्रीच्या कयाकिंगमध्ये वल्हं मारताच पाणी चमकतं ते पाहायचं असेल, तर अमावास्येजवळची रात्र हवी, कारण लख्ख चांदण्यात ती चमक दिसत नाही.

एक सावधगिरी घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला हिशेब तिकडे लागू पडत नाही. वेळा स्थानिक तक्त्यावरूनच घ्या.

२. दिवसांचा क्रम उलटा लावा

मराठी माणूस श्री विजयपुरमला (पोर्ट ब्लेअर) उतरला की त्याची पावलं आधी सेल्युलर जेलकडे वळतात. सावरकर १९११ ते १९२१ या काळात तिथे होते, त्यामुळे ही ओढ साहजिकच आहे. तरीही माझा आग्रह आहे की जेल शेवटच्या दिवसासाठी ठेवा. स्कूबा करताना दाबाखाली शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत विमानात बसलात, तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. एकदाच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि अनेकदा केली असेल तर किमान १८ तास जाऊ द्यावेत असा संकेत आहे. मी म्हणेन, पूर्ण दिवस मोकळा ठेवा. तो दिवस जेलमध्ये निवांतपणे घालवता येतो. शिवाय समुद्र खवळून बोट रद्द झाली, तर हाताशी एक दिवस राहतो.

३. महिनाभर आधी अंगाला सवय लावा

रोज चालायला लागा. स्वराज द्वीपावरच्या एलिफंट बीचला पायी जायचं तर जंगलातून, चिखलातून वाट काढावी लागते. पोहायला येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबरची पहिली डाइव्ह करता येते. पण नाक बंद ठेवून तोंडाने संथ श्वास घ्यायचा सराव घरूनच करून जा. जवळपास तरणतलाव असेल तर मास्क लावून पाण्यात तोंड घालून बघा. पहिल्या दोन मिनिटांतली घाबरगुंडी तिथेच ओसरून जाते.

दमा, हृदयविकार, कानाचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डाइव्ह ठरवू नका. तिकडे आरोग्याचा अर्ज भरून घेतात, तो खरा भरा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का, हे बुकिंग करतानाच विचारा.

४. बॅग

चाकांच्या मोठ्या सुटकेसऐवजी पाठीवरची सॅक घ्या. धक्क्यावर आणि बोटीत चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

जीन्स घरी ठेवा. दमट हवेत ती वाळतच नाही. लवकर वाळणारे दोन-तीन जोड आणि पाण्यात घालायला पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट व लेगिंग्ज एवढं पुरतं. स्नॉर्केलिंग करताना पाठ तासभर उन्हात असते. सनस्क्रीनपेक्षा कापड जास्त कामी येतं आणि प्रवाळालाही त्याचा त्रास होत नाही. उघड्या अंगापुरतं झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या. स्वराज द्वीपावरच्याच राधानगर किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, म्हणून एक पातळ फुलपँट असू द्या.

चपला नकोत. मागे पट्टा असलेले सँडल आणि जाड तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. प्रवाळाने कापलेली जखम लवकर भरत नाही. प्रवाळावर उभं तर कधीच राहू नका, तो जिवंत असतो.

स्वतःचा मास्क घेणार असाल तर दुकानातच पारखा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. केसाची बट किंवा दाट मिशी मध्ये आली की पाणी शिरणारच.

फोन आणि पैशांसाठी दहा लिटरची ड्राय बॅग पुरे. हवा काढून तोंड निदान तीनदा गुंडाळा, मग बकल लावा. घरी आत टिश्यू पेपर ठेवून ती बादलीत बुडवून बघा. पेपर कोरडा निघाला तरच तिच्यावर फोन सोपवा.

औषधांत ओआरएस, जंतुनाशक मलम, पाण्यात न सुटणाऱ्या पट्ट्या आणि बोट लागण्यावरची गोळी हवी. ही गोळी गुंगी आणते, म्हणून डाइव्हच्या दिवशी डॉक्टरांना विचारूनच घ्या. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्या. रोख रक्कम पुरेशी ठेवा, छोट्या बेटांवर एटीएमच्या भरवशावर राहू नये.

५. तिथे पोचल्यावर

बेटं पूर्वेला खूप लांब असली तरी घड्याळ आपलंच, त्यामुळे हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. पाण्यातली कामं सकाळीच उरका. मगरीच्या सूचनेची पाटी दिसली तर तिथे पाण्यात उतरू नका, गाइड काहीही म्हणो.

परतीची बॅग भरताना मुलांचे खिसेही तपासा. प्रवाळ मेलेला असला तरी त्याचा तुकडा सोबत आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. ओले कपडे शेवटच्या सकाळी पंख्याखाली वाळवून घ्या, नाहीतर अंदमानला येताना विमानाच्या मर्यादेत बसलेलं वजन परतताना बसत नाही.