धनुष्याची दोरी घरी वळताना: सूत कोणतं, पदर किती

सोलापुरात सुताला तोटा नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळख असली की कुणीही सुताचा कोन काढून हातात देतो, आणि नवशिका तिथंच फसतो. ते सूत चादरीचं, टॉवेलचं. टॉवेलला मऊपणा लागतो, पाणी प्यावं लागतं; धनुष्याच्या दोरीला यातलं काहीच नको. सुती दोरी पुरेशी मजबूत करायला गेलात तर इतकी जाड होते की बाणाच्या खाचेत शिरतच नाही. माझं अर्धं आयुष्य मागावर गेलंय, तरी सांगतो, कापूस इथं नको.

नायलॉनही नको, रबरासारखं ताणतं. उरतात तीन गोष्टी. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे: खेड्यात अजून कुणी कासरे वळत असेल तर त्यांच्याकडं मागा, लांब आणि गाठ नसलेला निवडा. तो ताणत नाही, बाण छान सुटतो; पण आपल्या उन्हाळ्यात कोरडा पडून ठिसूळ होतो, म्हणून मेण सारखं लावावं लागतं. दुसरं पॉलिस्टर, म्हणजे धनुर्विद्येच्या दुकानातलं डेक्रॉन किंवा चामडं शिवायचा जाड दोरा. बांबूच्या धनुष्याला माझी पसंती यालाच. थोडं ताणतं, त्यामुळं बाण सुटल्यावरचा हिसका धनुष्याला कमी बसतो. तिसरं डायनीमा, म्हणजे पॉलिथिलीनचा एक खास धागा. फार ताकदवान, पण ताणत जवळपास नाहीच. सगळा हिसका टोकांवर जातो आणि साध्या बांबूची टोकं दोरीच्या खाचेपाशी चिरू शकतात. टोकं मजबूत केलेली नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता पदर. दुकानदार सांगतो त्या ताकदीवर जाऊ नका, एक पदर स्वतः तोडून बघा. दोऱ्याला गाठ मारायची नाही, गाठीपाशी तो आधीच तुटतो. वरचं टोक गुळगुळीत दांडीला आठ-दहा वेढे देऊन अडकवा, खालचं तसंच बादलीच्या कडीला. बादली जमिनीपासून वीतभरच वर ठेवा आणि मापानं पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, बादलीचं वजन वेगळं धरा. चार-पाच तुकडे तोडा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा घ्या, सरासरी नको.

धनुष्य ४० पाउंडाचं असेल तर ओढ, म्हणजे पूर्ण खेचायला लागणारा जोर, साधारण १८ किलो. दोरीची ताकद त्याच्या चौपट तरी हवी, म्हणजे ७२ किलो. दोरा ६ किलोला तुटला तर १२ पदर. हातानं काढलेल्या वाखाचा प्रत्येक पदर सारखा येत नाही, तिथं मी सहापट धरतो: १०८ किलो, १८ पदर. दोन पेडी दोरी वळणार असाल तर पदरांचा आकडा सम हवा, तीन पेडी असेल तर तीननं भाग जाणारा.

डेक्रॉनचं गणित मात्र वेगळं. बी-५० जातीचा एकच पदर जवळपास ५० पाउंड पेलतो. हिशेबानं ४० पाउंडाला चार पदर पुरतील, तरी लोक १२ घालतात. कमी पदरांची दोरी जास्त ताणते, बोटांना कापते, आणि बाणाच्या खाचेत सैल बसते. म्हणजे इथं आकडा ताकदीवर नाही, खाचेवर ठरतो. दोरीच्या मधल्या भागावर, जिथं बाण बसतो, दोरा गुंडाळून झाला की बाण दोरीला लावून खाली लोंबकळू द्या. आपोआप पडला तर दोरी बारीक. दोरीला टिचकी मारल्यावरच सुटला तर बरोबर. तरीही सुटला नाही तर गुंडाळायला बारीक दोरा घ्या, आतले पदर कमी करू नका.

पीळ देताना सगळ्या पदरांचा ताण सारखा ठेवा. एक ढिला राहिला की बाकीच्यांवर भार. वळून झाल्यावर मधमाशीचं मेण चोळा आणि दोरीला धनुष्याच्या ओढीएवढं वजन रात्रभर टांगा, जो काही ताण जायचा तो तिथंच जाऊ दे. धनुष्यावर रात्रभर चढवून ठेवू नका, बांबू वाकडाच राहतो. पुढं कधी एक जरी पदर तुटलेला दिसला तर तिथं गाठ मारत बसू नका, पूर्ण दोरी बदला.