आधी गणित, मग गाऊजिंग

मे महिन्यात सोलापूरकडच्या साखर कारखान्यात दुपारी दोनला प्रोब हातात घेतला की चटका बसतो. प्रोब म्हणजे ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या (अल्ट्रासॉनिक) लहरी सोडणारा आणि परत टिपणारा तुकडा; त्यानं आम्ही वेल्डच्या आतल्या भेगा शोधतो. गाळप बंद असतं, म्हणून क्रेनचे गर्डर आणि टाक्या तपासायला आम्हाला याच दिवसांत बोलावणं येतं. उन्हाचं एवढ्यासाठी सांगतोय की प्रोबखालचा अॅक्रिलिकचा तुकडा तापला की त्यातला आवाजाचा वेग घटतो आणि लहर पोलादात शिरते तो उभ्या रेषेपासूनचा कोन वाढतो. सकाळी गार केबिनमध्ये ६० अंशांचा निघालेला प्रोब दुपारी ६० चा राहत नाही. त्यामुळे व्ही-वन ब्लॉक, म्हणजे प्रोब जुळवून घ्यायचा ठरावीक मापाचा पोलादी ठोकळा, जॉबशेजारीच, त्याच उन्हात ठेवायचा आणि कॅलिब्रेशन तिथंच करायचं. जेवणानंतर पुन्हा एकदा.

वेल्डच्या दोन्ही अंगांना स्पॅटर (वेल्डचे उडालेले थेंब), गंज, सुटा रंग काढा. २० मिमी प्लेटला सव्वाशे मिमी तरी पट्टा साफ हवा. आधी सरळ प्रोब फिरवून प्लेटमध्ये पापुद्रा नाही ना ते बघा, नाहीतर तिरकी लहर वाटेतच अडते. कपलंट, म्हणजे प्रोब आणि प्लेटमधली हवा घालवणारा थर, म्हणून मी ग्रीस वापरतो. या उन्हात तेल ओघळून जातं.

आता ६० अंशांचा प्रोब पुढे-मागे नागमोडी सरकवा, सरकवताना थोडा डावी-उजवीकडे वळवा. पडद्यावर इको, म्हणजे परत आलेल्या लहरीचा उंचवटा, उठला की लगेच ‘भेग’ म्हणू नका. पट्टी काढा. ६० अंशांना खोली म्हणजे बीमच्या (लहरीच्या झोताच्या) तिरक्या वाटेच्या निम्मी; वाट यंत्र दाखवतं. वाट ४० मिमी आली तर खोली २०, म्हणजे तुम्ही रूटवर, वेल्डच्या तळाशी आहात. वाट ६२ आली तर निम्मे ३१. प्लेट तर २० चीच आहे, म्हणजे लहर तळाला आपटून वर आलीय. प्लेटची दुप्पट ४०, त्यातून ३१ गेले, दोष वरून ९ मिमीवर. प्रोबच्या इंडेक्स पॉइंटपासून (लहर बाहेर पडते त्या खुणेपासून) पुढं ६२ गुणिले ०.८६६, साधारण ५४ मिमी मोजा. ती जागा वेल्डमध्ये पडते का, बघा.

हे गणित मी एकदा टाळलं होतं. वाट ८३ ची, इको उंच आणि टोकदार. मी खडूनं वीतभर रेघ मारली आणि गाऊजिंग करायला, म्हणजे वेल्ड कोरून काढायला सांगितलं. वेल्डर अण्णांनी अर्धा तास कोरलं, मग चष्मा वर करून म्हणाले, “सायब, भेग कुठाय? नुसतं लोखंडच हाय की!” ८३ चे निम्मे साडेएकेचाळीस. ४० मधून वजा केले तर उणे दीड, म्हणजे प्लेटच्याही वर. तो कॅपचा, म्हणजे वेल्डच्या वर आलेल्या फुगवट्याचा इको होता. तेव्हापासून कॅपवर ग्रीसचं बोट टेकवून टकटक करतो. इको नाचला तर कॅपच.

खऱ्या भेगेचा इको प्रोब जरासा वळवला तरी झपकन पडतो. वायूचे बारीक फुगे असले तर कमी-जास्त होत, पण बहुतेक कोनांतून दिसत राहतात. दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय मी नाव देत नाही.

लांबीसाठी इको जास्तीत जास्त वाढवून पडद्याच्या ८० टक्के उंचीवर आणा. प्रोब वेल्डच्या लांबीच्या दिशेनं सरकवत ४० टक्के होईल तिथं प्रोबच्या मध्याशी खूण, मग दुसऱ्या टोकालाही तशीच. उंची निम्मी होणं, हा सहा डीबीचा (डेसिबलचा) फरक. दोन खुणांमधलं अंतर ती लांबी. भेग बीमच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर मात्र ही पद्धत बीमचीच रुंदी मोजून देते, भेगेची नव्हे. उंची मोजायची तर भेगेच्या टोकाचा क्षीण इको शोधावा लागतो. त्या आकड्यावर मी पैज लावणार नाही.

अहवालात अंतर गर्डरच्या कुठल्या टोकापासून मोजलं ते लिहा आणि शून्याची खूण सेंटर पंचानं मारा. खडू दुपारच्या आत पुसला जातो.