जुनी ॲडव्हेंचर बाइक घेताय? विदर्भात या चुका टाळा

टाकीला जेरीकॅन, मागे लोखंडी पेट्या, हँडलखाली पिवळे फॉग लाइट आणि मडगार्डवर लेहचा स्टिकर. जाहिरातीत असा फोटो दिसला की पाहणाऱ्याचं अर्धं मन तिथंच विकलं जातं, आणि विकणारा ते ओळखून असतो. ‘भाऊ, चाळीस हजाराचं तं नुसतं सामानच हाय.’

सामानाचे पैसे मोजणं

पहिली चूक हीच. वापरलेल्या पेट्या आणि क्रॅश गार्डला बाजारात फारशी किंमत नसते, आणि त्या पेट्यांचं ओझं खडबडीत रस्त्यावर वर्षानुवर्षं मागच्या चॅसिसने झेललेलं असतं. रॅक जिथं बोल्टने बसतो तिथं वेल्डिंग मारलंय का, रंग नवा दिसतोय का, ते वाकून पाहा. फॉग लाइटची वायर मूळ वायरिंग कापून काळ्या टेपने जोडली असेल तर पावसाळ्यात गाडी कुठं बंद पडेल याचा नेम नाही. सीट उघडून पाहायला दोन मिनिटं लागतात. माझं मत विचाराल तर काहीही न लावलेली, कंपनीतून आली तशीच गाडी मिळाली तर चार पैसे जास्त द्यावेत.

पार्ट कुठं मिळतो, हे न विचारणं

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ २०१६ ते २०२३ या काळात विकली गेली, त्यामुळे जुन्या बाजारात हीच सर्वाधिक दिसते. सुरुवातीच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, नंतर फ्युएल इंजेक्शन आलं आणि २०२० पासून बीएस६ (धुराचा नवा नियम पाळणाऱ्या). वजन दोनशे किलोच्या आसपास. चिखलात एकट्याने उचलून पाहा, म्हणजे कळेल. २०१९ मध्ये आलेली हिरोची एक्सपल्स २०० तिच्यापेक्षा चाळीसेक किलोंनी हलकी. मेळघाटातल्या आणि गडचिरोलीकडच्या कच्च्या रस्त्यांवर मला तीच जास्त शहाणपणाची वाटते, मात्र हायवेवर ती लवकर दमते. केटीएम ३९० ॲडव्हेंचर २०२० पासूनची आणि बीएमडब्ल्यू जी ३१० जीएस २०१८ पासूनची. दोन्ही ताकदवान, पण पार्ट महाग.

मोह होतो तो दुर्मीळ गाडीचा. दोन सिलिंडरची कावासाकी व्हर्सिस एक्स ३०० कमी भावात दिसली की हात खाजवतो. पण क्लच केबल तुटली तर ती दारव्ह्यात मिळेल का? गाडी बघायला जाण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून ब्रेक पॅड, चेनसेट आणि क्लच प्लेटचे भाव विचारा, ते यायला किती दिवस लागतील तेही विचारा. सौद्याचा खरा आकडा त्या फोननंतरच ठरतो.

आणखी एक. हिमालयन ४११ आणि एक्सपल्सची चाकं तारांची, म्हणजे टायरमध्ये ट्यूब. शेताच्या वाटेवर बाभळीचे काटे पाचवीला पुजलेले. पंक्चर स्वतः काढता येत नसेल तर आधी शिकून घ्या.

दुपारी गाडी पाहायला जाणं

इंजिन थंड असतानाच चालू करून पाहायचं असतं, हे बहुतेकांना माहीत आहे. पण मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात दुपारी बारा वाजता उन्हात उभ्या गाडीचा सायलेन्सर तसाही चटका देतो. आधी गरम करून ठेवलीय की उन्हाने तापलीय, काय कळणार? सकाळी सातला जा. थंड इंजिन पहिल्या दोन प्रयत्नांत सुरू व्हावं, निळा धूर नको, खडखड ऐकू आली तर ती तेल चढल्यावर थांबायला हवी.

डांबरी रस्त्यावरच चक्कर मारणं

चकचकीत रस्त्यावर कोणतीही गाडी लोण्यासारखी चालते. मालकाला सांगून गाडी पांदणीवर घाला. उभं राहून चालवा. पुढून ‘टक-टक’ आवाज आला की कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंग, गेला किंवा सैल झाला. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळूच या टोकापासून त्या टोकाला फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोन सेट बदलणं आलंच. फोर्कच्या (पुढच्या शॉकॲबच्या) नळीवर तेलाची कडी दिसते का ते पाहा. चाक फिरवून रिम लहरते का, तारा सैल आहेत का, अलॉय असेल तर कडेला चेपलंय का तेही पाहा.

काळ्या मातीचं वेगळंच. ती ओली असते तेव्हा मडगार्डमध्ये कोंबून बसते आणि वाळली की दगड होते. केटीएमसारख्या लिक्विड-कूल्ड गाडीत रेडिएटरच्या जाळीत तीच माती अडकते आणि उन्हाळ्यात गाडी तापते. पंखा सारखा फिरत असेल तर आधी कूलंटची पातळी आणि जाळी पाहा. ती साफ करायला जोराचा प्रेशर पंप वापरू नका, पत्रे वाकतात.

‘समृद्धीवर एकशे चाळीसने पळवली’ असं कोणी सांगितलं तर हसून घ्या. त्या महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही. एवढ्या एका वाक्यात मालकाची ओळख पटते.

पुराची गाडी न ओळखणं

ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला आणि जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला मोठा पूर आला, घरं-गोठ्यांसोबत गाड्याही बुडाल्या. धुऊन-पुसून त्या विकल्या जातात. हेडलाइटच्या काचेत आतून मातीची रेघ, फ्यूजच्या डबीत हिरवट गंज, सीटखालच्या स्पंजाला कुबट वास ही खूण. अशी गाडी कितीही स्वस्त असो, सोडा.

मीटरवर भरवसा

किलोमीटर मागे करता येतात, फूटरेस्टचं झिजलेलं रबर मागे करता येत नाही. ब्रेक डिस्कला कडेने धार आलीय का ते बोटाने चाचपा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं. कंपनीची सर्व्हिस हिस्ट्री मागा. ती दाखवायला मालक कुरकुरला, तर त्यातच उत्तर आलं.

टीटी (मालकी बदलाच्या) फॉर्मवर सही घेऊन मोकळं होणं

चॅसिस नंबर हँडलच्या मानेवर कोरलेला असतो, तो आरसीशी जुळवा. एमपरिवहन ॲपवर विमा आणि एचपी (गाडीवरच्या कर्जाची नोंद) दिसते, ई-चलन वेगळं तपासा. एचपी चढलेली असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय बयाण्यापलीकडे पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. विमाही आपल्या नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस मालकासोबतच जातो, तो गाडीच्या किमतीत धरू नका.

देवरीपलीकडची छत्तीसगडची किंवा राजुऱ्यापलीकडची तेलंगणाची गाडी स्वस्त दिसते. तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, एवढा खर्च आणि हेलपाटे मिळवले की बहुतेक वेळा स्वस्ताई उरत नाही.

ऑनलाइन जाहिरातीत ‘मी फौजी आहे, बदली झाली, ट्रान्सपोर्टचे पैसे टाका, गाडी घरी येईल’ असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. ही जुनी फसवणूक आहे.

भाव कधी पाडायचा

दिवाळीनंतर सोयाबीन-कापसाचा पैसा हाती येतो, हवाही गार होते, तेव्हा भाव चढा. जून-जुलैत पावसामुळे गिऱ्हाईक कमी आणि पेरणीसाठी पैशाची निकड, म्हणून भाव मऊ. पण समोरचा बियाण्यासाठी गाडी काढत असेल तर पार घासाघीस करू नका राजेहो. भाव पाडायचा तो गाडीच्या दोषांवर: चेनसेट, कोन सेट, टायर, बॅटरी यांचा खर्च कागदावर लिहा आणि तो कागद मालकासमोर ठेवा. ‘थोडं कमी करा ना भाऊ’पेक्षा तो जास्त काम करतो.

गाडी घरी आली की इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि एअर फिल्टर आधी बदला, जुनं कधी बदललं हे मालकाने सांगितलं असलं तरी. ब्रेक लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखा लागला तर ऑइल बदलून ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. हायवेवर हँडल थरथरलं तर आधी टायरची हवा, मग चाकाचं बॅलन्सिंग, मग कोन सेट, याच क्रमाने पाहा. मिस्त्री बरेचदा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.