दिलेली अक्षरं असलेले इंग्रजी शब्द कसे शोधावेत

शब्दकोडं असो, स्क्रॅबलचा डाव असो की मुलांच्या वहीतलं 'या अक्षरांपासून शब्द लिहा', पेन्सिल उचलण्याआधी प्रश्न नीट वाचा. दिलेली अक्षरं सोडून दुसरं एकही चालणार नाही? की ही हवीतच, बाकी कितीही चालतील? की ती याच क्रमाने, एकमेकांना चिकटून हवीत? हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

ई, ए, आर, टी, एच ही पाच अक्षरं घेऊ. पाचही वापरून फक्त यांचेच शब्द हवे असतील तर पृथ्वीवाला अर्थ, हार्ट, हेटर, आणि मग जवळपास खडखडाट. याच क्रमाने चिकटून हवी असतील तर अर्थक्वेक, अनअर्थ, शेकोटीवाला हार्थ. पण बाकीची अक्षरं चालणार असतील तर फादर, टीचर, चॅप्टर, हॅम्स्टर, लाफ्टर अशी रांगच लागते. पुढचं सगळं या 'बाकीची अक्षरंही चालतील' प्रकाराबद्दल आहे, कारण जास्त करून तेच विचारलं जातं आणि त्यातच लोक अडकतात.

'अक्षरं उलटसुलट फिरवून बघत राहा' हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो सोडून द्या. पाच वेगळ्या अक्षरांच्या १२० रचना होतात, सातांच्या ५०४०. एवढ्या कोण फिरवणार? शिवाय मधे चॅप्टरमधला पी किंवा लाफ्टरमधला एफ-साउंडवाला जी घुसणार असेल, तर नुसती पाचच अक्षरं फिरवून तो शब्द जन्मात सापडायचा नाही.

आधी शब्दाचं शेपूट ठरवा. संचात ई आणि आर आहेत म्हटल्यावर 'ई-आर' शेवटी लावायचं आणि उरलेल्या ए, टी, एचला पुढे जागा शोधायची. गॅदर, रादर, लेदर, वॉचर इतक्या पटापट येतात की हात दुखेल. आय, एन, जी असतील तर शेपूट कोणतं ते सांगायला नको.

आता खरी मेख. ती एचमध्ये आहे, आणि मराठी माणसासाठी तर खासच. मीही इथे पुष्कळ घुटमळले आहे.

आपण देवनागरीत वाढलो. थ, च, श, फ ही आपल्याला एकेक अक्षरं. त्यामुळे टी आणि एच समोर दिसले की डोकं लगेच त्यांचा 'थ' करून मोकळं होतं, आणि तो थ पुन्हा फुटतच नाही. मग फादर, गॅदर, ब्रेथ, थ्रेड, थ्रेट एवढ्यावर गाडी थांबते. इंदुरात तर मुलं घरी मराठी बोलतात आणि गल्लीत हिंदी, म्हणजे दोन्हीकडे देवनागरीच. शाळा कितीही इंग्रजी असली तरी कान तोच.

यावर माझा उपाय ठरलेला आहे. कागदावर एच एकटा लिहायचा आणि त्याचे शेजारी एकामागून एक बदलायचे. टी-एचचे शब्द संपले की टीला उचलून लांब ठेवायचं आणि एचजवळ सी आणायचा: टीचर, चॅप्टर, चार्टर, कॅरेक्टर. मग एस: शॅटर. मग पी: ग्रॅफाइट. डब्ल्यू आणला की व्हॉटएव्हर. शेवटी एचला कोणाचाच शेजार द्यायचा नाही, शब्दाच्या तोंडाशी उभा करायचा: हीटर, हेट्रेड, हॅम्स्टर. पायरी कंटाळवाणी आहे, पण गाळू नका. अर्धे शब्द इथेच दडलेले असतात.

जी-एच मुद्दाम वेगळा ठेवला, कारण तो कानाला फसवतो. डॉटर, स्लॉटर, लाफ्टर. रविवारी दुपारी आमच्याकडे डाव मांडला होता तेव्हा शेजारच्या मुलीने डॉटर शब्द नाकारलाच. 'काकू, यात एच कुठेय? आपण म्हणतच नाही!' म्हणत नाही, पण लिहितो ना. डी-ए-यू-जी-एच-टी-ई-आर. तिच्याकडून लिहून घेतलं तेव्हा कुठे पटलं.

उलटही होतं. ऑथर म्हणताना शेवटी फादरसारखाच 'अर' ऐकू येतो, म्हणून लोक तो बिनदिक्कत यादीत टाकतात. त्यात ई नाहीच, ओ-आर आहे. थ्रोटमध्येही ई नाही. ॲथलीटमध्ये आर नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की हे शब्द मोठ्याने म्हणत शोधू नयेत. तोंड बंद ठेवा, डोळे उघडे.

सापडलेल्या प्रत्येक शब्दावर दिलेली अक्षरं एकेक करून खोडा. एखादं खोडायचं राहिलं तर शब्द बाद.

संचात एखादं अक्षर दोनदा दिलं असेल तर ते शब्दातही निदान दोनदा हवं. दोन ई मागितले असतील तर टीचर आणि वेदर चालतात, फादर नाही. थिएटरचं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीने आर-ई घ्या की अमेरिकन पद्धतीने ई-आर, दोन ई दोन्हीकडे आहेत.

आता फोनवरची शब्दशोधक साधनं. वापरा की, मी काही सोवळी नाही. पण आधी साधनाची परीक्षा घ्या: ई-ए-आर-टी-एच टाका आणि फादर येतो का बघा. फक्त अर्थक्वेकचं कुटुंब आलं तर ते चिकटून शोधतंय, फक्त हार्ट-हेटर आले तर बाहेरचं अक्षर त्याला चालत नाही. यापुढे चुकीची यादी निघाली तर दोष साधनाला देऊ नका.

एक्सेल येत असेल तर शब्दयादी एका कॉलममध्ये टाका आणि शेजारी प्रत्येक अक्षरासाठी सर्च हे सूत्र लावा. सगळीकडे आकडा आला तो शब्द ठेवायचा. सर्च पहिलं अक्षर सापडलं की थांबतं, त्यामुळे दोन ई मोजायला ते कामाचं नाही. तिथे सब्स्टिट्यूटने ई काढून टाकायचे आणि लेनने लांबी किती घटली ते बघायचं. सर्चला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, सब्स्टिट्यूटला पडतो, म्हणून आधी सगळी यादी लहान लिपीत करून घ्या.

स्क्रॅबल खेळत असाल तर शब्दकोश कोणता ते पहिली सोंगटी मांडण्याआधी ठरवा. शंभर सोंगट्यांमध्ये एच दोनच, प्रत्येकी चार गुणांचे, त्यामुळे एचच्या शब्दावर वाद हमखास होतात. क्यूवर तर त्याहून जास्त. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द अमेरिकन स्क्रॅबलच्या यादीत २००६ साली आला. इंदूरच्या खजुरी बाजारातून आणलेल्या जुन्या शाळकरी डिक्शनरीत तो मिळेलच असं नाही, आणि समोरचा नेमकी तीच डिक्शनरी उघडून बसतो.