‘पी ०४२०’ कोड वारंवार येत असल्यास कन्व्हर्टर बदलण्यापूर्वी काय तपासावे

जुन्या पेट्रोल गाडीतील चेक इंजिनचा दिवा कोड पुसूनही थोड्याच दिवसांत पुन्हा लागत असेल आणि स्कॅनरवर दर वेळी ‘पी ०४२०’ दिसत असेल, तर अनेक गॅरेजांत थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळतो. हा भाग महाग असल्याने असा सल्ला लगेच स्वीकारू नये. कन्व्हर्टरचे काम ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पडत असल्याचे इंजिनच्या संगणकाला वाटते, एवढाच त्या कोडचा अर्थ आहे. कारण आपल्यालाच शोधावे लागते.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवत राहू नये. मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण नीट न पेटल्यामुळे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळू शकते.

भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (भारत स्टेज-४ प्रदूषण मानकाच्या) गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची यंत्रणा) बंधनकारक झाले. अशा गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. स्कॅनर जोडल्यावर काहीही पुसण्याआधी सर्व कोड आणि फ्रीझ फ्रेममधील नोंदी, म्हणजे कोड आला त्या क्षणीचा वेग, तापमान व इंजिनवरील भार, लिहून घ्याव्यात. सोबत मिसफायरचा ‘पी ०३००’ किंवा मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा ‘पी ०१७१’ असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. गाडीला बाहेरून बसवलेले सीएनजी किट असल्यास ही तपासणी पेट्रोलवरच करावी.

त्यानंतर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली टक्केवारीतील दुरुस्ती, पाहावा. आयडलिंगला तो १५ टक्क्यांहून अधिक आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य असेल, तर एखादी चिरलेली व्हॅक्यूम नळी हवा ओढत असण्याची शक्यता मोठी असते. एक्झॉस्टची गळतीही तपासावी, कारण एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरपाशी बाहेरची हवा शिरली की त्याचे मोजमाप फसवे होते. इंजिन थंड असताना इंजिनला जोडलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ येणारा टकटक आवाज आणि सांध्यांवरचे काळे डाग ही तिची ओळख. हे काम मोकळ्या जागेतच करावे, बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

एवढे निर्दोष निघाल्यावरच, इंजिन पूर्ण तापवून २५०० आरपीएमला दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचे (पुढचा कन्व्हर्टरच्या आधी, मागचा नंतर) आलेख पाहावेत. नेहमीच्या प्रकारचा पुढचा सेन्सर सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो, मागचा ०.६ ते ०.७ च्या आसपास स्थिर राहिला, तर कन्व्हर्टर ठीक आहे. मागचाही पुढच्याइतकाच झुलत असेल, तर मात्र कन्व्हर्टर निकामी झाल्याचे मानावे. तेव्हाही इंजिन ऑइल जाळते का, हे पाहिल्याशिवाय नवा बसवू नये, नाहीतर तोही लवकर खराब होतो.

पीयूसी मिळाले म्हणून कन्व्हर्टर धडधाकट आहे असे समजू नये. तरीही जुन्या पावत्या जपाव्यात, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे दर वेळी चढत गेलेले दिसले, तर निदानाला मोठा आधार मिळतो. दुरुस्तीनंतर कोड पुसून, स्कॅनरवर ‘कॅटॅलिस्ट मॉनिटर’ (संगणकाने स्वतः केलेली कन्व्हर्टरची चाचणी) पूर्ण झाल्याचे दिसेपर्यंत शहरात आणि महामार्गावर गाडी चालवावी. त्याआधी दिवा विझलेला असणे हा दुरुस्तीचा पुरावा नव्हे.