राष्ट्रपतिपदाच्या नावांची धूळपेरणी: या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, सकाळचा सौदा आटोपला की आमच्या आडतीसमोरच्या हॉटेलात बैठक भरते. दोन हमाल, एक मापाडी, एक निवृत्त गुरुजी, मी, आणि ज्याची तुरीची गाडी अजून खाली व्हायची आहे असा कोणीतरी शेतकरी. सध्या विषय एकच. जुलै 2027 मध्ये द्रौपदी मुर्मू यांची पाच वर्षं पुरी होतात, मग पुढं कोण? परवा गुरुजींनी एका दमात सात नावं सांगून टाकली. गाडीवाला बशीतला चहा फुंकत ऐकत होता. म्हणाला, "गुरुजी, पावसाचा पत्ता नाही अन् तुमची पेरणी झाली बी?"

यालाच आपल्याकडं धूळपेरणी म्हणतात. पाऊस येईल या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकायचं. आला तर साधलं, नाही तर दुबार पेरणी. मी स्वतः 2007 पासून राष्ट्रपतिपदाच्या नावांची धूळपेरणी करतो आणि बहुतेक वेळा दुबारची पाळी आली आहे. त्यामुळं खालच्या चुका ऐकीव नाहीत.

मृगाआधी नाव पक्कं समजणं

मागच्या पाच निवडणुकांत सत्ताधारी बाजूचं नाव कधी बाहेर आलं ते बघा. अब्दुल कलाम, 10 जून 2002. प्रतिभाताई पाटील, 14 जून 2007. प्रणव मुखर्जी, 15 जून 2012. रामनाथ कोविंद, 19 जून 2017. द्रौपदी मुर्मू, 21 जून 2022. म्हणजे पाचही नावं मृगात फुटली, शेवटचं तर आर्द्राच्या उंबऱ्यावर.

याला कारण आहे. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांतच निवडणुकीची अधिसूचना निघू शकते. 2022 ला आयोगानं 9 जूनला कार्यक्रम जाहीर केला, 15 ला अधिसूचना निघाली आणि 29 ही अर्जाची शेवटची तारीख होती. ज्याच्या हातात नाव आहे तो ते लवकर उघड करून विरोधकांना महिनाभर मोकळं रान कशाला देईल? मोंढ्यात मोठा खरेदीदार आपला भाव आदल्या रात्री सांगत नाही, तसंच हे.

मग फेब्रुवारी-मार्चमध्ये छापून येणारी नावं फुकटची का? अगदीच तशी नाहीत. पण त्यातून उमेदवार कळत नाही, नाव कोण सोडतंय ते कळतं. कधी ते त्या माणसाच्याच गोटातून सुटतं, कधी त्याचा पत्ता कापायचा असतो म्हणून दुसरा कोणी सोडतो. नाव वाचलं की पहिला प्रश्न हा विचारायचा: यात फायदा कुणाचा?

आपल्या माणसावर जीव टाकून हिशेब मांडणं

ही चूक मी केली, आणि पैसे घालून केली.

2007 चा जून. केंद्रात यूपीए, आणि गृहमंत्री आपले शिवराज पाटील चाकूरकर. चाकूरचा माणूस, लातूरमधून सात वेळा लोकसभेवर गेलेला, 1991 ते 1996 लोकसभेचा अध्यक्ष राहिलेला. राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव काँग्रेसकडून पुढं आल्याच्या बातम्या रोज येत होत्या. मी गंजगोलाईतल्या ओळखीच्या हलवायाला पाच किलो पेढे सांगून ठेवले. वर बयाणा म्हणून दोनशे रुपये दिले.

माझ्या हिशेबात सगळं होतं: अनुभव, स्वच्छ प्रतिमा, गांधी घराण्याचा विश्वास. नव्हते ते फक्त डावे पक्ष. ते सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते आणि त्यांच्या मतांशिवाय यूपीएचा उमेदवार निघत नव्हता. चाकूरकरांच्या नावाला त्यांची हरकत होती. बातमीत ते लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण मायेनं वाचलं की नको ती ओळ डोळ्यांखालून निसटते. 14 जूनला नाव निघालं ते राजस्थानच्या राज्यपालांचं. मराठी नाव होतं, पण आमच्या अंदाजपत्रकात ते कुठंच नव्हतं. हलवायानं बयाणा परत दिला नाही. म्हणाला, "राष्ट्रपती महाराष्ट्राचाच झाला की, पेढे न्या." नेले.

तेव्हापासून कुठलंही नाव ऐकलं की त्याच्या गुणांची यादी मी शेवटी करतो. आधी बघतो, या नावाला नको म्हणू शकेल असा कोण आहे आणि त्याच्या खिशात मतं किती. आज त्या जागी डावे नसतील, दुसरे कुणी मित्रपक्ष असतील. प्रश्न तोच राहतो.

डोकी मोजणं, वजन न बघणं

सरपंच आता थेट जनतेतून निवडला जातो, म्हणून गावाकडच्या चर्चेत राष्ट्रपतीही तसाच धरला जातो. जरा जाणकार असेल तर झेडपीच्या अध्यक्षाचं उदाहरण देतो, सदस्यांना सहलीला नेण्यासकट. ते थोडं जवळचं आहे, कारण इथंही निवडून आलेलेच मत देतात. पण झेडपीत एक सदस्य म्हणजे एक मत. इथं प्रत्येक मताला वजन आहे, आणि वजनकाटा 1971 चा आहे.

गुरुजींनी ते सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर करून दाखवलं. महाराष्ट्राची 1971 ची लोकसंख्या 5,04,12,235. तिला 288 आमदारांनी भागा, पुन्हा 1,000 नं भागा. उत्तर 175. आपल्या प्रत्येक आमदाराच्या मताचं हे मूल्य. उत्तर प्रदेशात ते 208 येतं, सिक्कीममध्ये 7. म्हणजे लखनौचा एक आमदार सिक्कीमच्या जवळपास अख्ख्या विधानसभेला भारी, कारण तिथं आमदारच 32. मूळ कल्पना अशी की देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांची जेवढी बेरीज, साधारण तेवढीच खासदारांची. म्हणून ती बेरीज 776 खासदारांत वाटली जाते. 2022 ला एका खासदाराचं मत 700 धरलं होतं आणि एकूण बेरीज 10,86,431 होती.

आता आपला मराठवाडा. आठ जिल्ह्यांत 46 आमदार, गुणिले 175 म्हणजे 8,050. लोकसभेचे आठ खासदार, गुणिले 700 म्हणजे 5,600. दोन्ही मिळून 13,650. एकूण मतांच्या सव्वा टक्का! पाकिटावर हा आकडा उतरला तेव्हा मापाडी एवढंच म्हणाला, "मग आपुन कशाला एवढं वरडायलोत?"

ओरडायला हरकत नाही, पण नजर कुठं ठेवायची ते यावरून ठरतं. उत्तर प्रदेशचे 403 गुणिले 208 म्हणजे 83,824, महाराष्ट्राचे 50,400. उत्तर प्रदेशची विधानसभा निवडणूक 2027 च्या सुरुवातीलाच यायची आहे, पंजाब आणि उत्तराखंडची बरोबरीनंच. तो निकाल हातात नसताना राष्ट्रपतिपदाचं गणित मांडणं म्हणजे माल काट्यावर चढवायच्या आधी हिशेबाची पट्टी फाडणं. आणखी एक. 2022 चा 700 हा आकडा तसाच पुढं ओढू नका. त्या वेळी जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती, म्हणून तो 2017 च्या 708 वरून खाली आला होता. आता तिथं विधानसभा परत आली आहे.

आघाडी म्हणजे एकगठ्ठा मतं

हा समज आपल्या महाराष्ट्रानंच सगळ्यात जास्त वेळा खोटा पाडला आहे. 2007 ला शिवसेना एनडीएत होती, पण मत मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना. समोर एनडीएच्या पाठिंब्यावर उभे असलेले भैरोंसिंह शेखावत, तेही विद्यमान उपराष्ट्रपती. 2012 ला पुन्हा तेच, एनडीएत राहून प्रणवदांना पाठिंबा. 2022 ला उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत, तरी पाठिंबा मुर्मूंना. नीतीश कुमारांचा पक्षही 2012 आणि 2017 अशा दोन्ही वेळी स्वतःच्या आघाडीला सोडून दुसऱ्या बाजूला गेला. म्हणून दोन्ही आघाड्यांच्या जागांची बेरीज-वजाबाकी करून बसलात तर ती मोडणार. उमेदवाराचा प्रदेश, समाज, जुने संबंध यातलं काहीतरी एखाद्या पक्षाला खेचून नेतं. उमेदवार निवडताना तेच हेरलेलं असतं. मुर्मूंच्या नावानंतर ओडिशा आणि झारखंडचे पक्ष विरोधात जाणं किती अवघड झालं ते आठवा.

शिवाय या मतदानाला व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, नाही आणि मत गुप्त आहे. याचं टोकाचं उदाहरण 1969 चं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, पण इंदिरा गांधींनी सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं, आणि निवडून आले अपक्ष व्ही. व्ही. गिरी. त्या लढतीत तिसरा उमेदवार आपला मराठी होता, सी. डी. देशमुख. त्यांना पहिल्या पसंतीची 1,12,769 मतं पडली. पहिल्या फेरीत कोणालाच निवडून यायला लागणारा कोटा गाठता आला नाही, मग खालच्या उमेदवारांची मतं दुसऱ्या पसंतीनं वाटत गेली. शेवटी गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. तिसऱ्या उमेदवाराला "तो कुठं येतोय" म्हणून यादीतून काढणाऱ्यांनी हे आकडे एकदा वहीत उतरवून घ्यावेत.

साचा बनवणं

"राज्यपालच राष्ट्रपती होतो" हा सध्याचा लाडका साचा. प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपाल होत्या, कोविंद बिहारचे, मुर्मू झारखंडच्या माजी राज्यपाल. दिसायला पक्का आहे. पण 2002 ला हाच साचा घेऊन बसलेले लोक महाराष्ट्राचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचं नाव घेत होते, आणि झाले शास्त्रज्ञ कलाम. मधे प्रणवदाही आले, थेट अर्थमंत्रिपदावरून.

त्याआधीचा साचा उपराष्ट्रपतींचा होता. राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, व्यंकटरमण, शंकरदयाळ शर्मा, नारायणन, असे सहा जण ती पायरी चढले. 1997 नंतर एकही नाही. आता सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती आहेत, त्याआधी ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, म्हणून आमच्या हॉटेलात दोन्ही साचे त्यांना एकदम लावून बघितले जातात. लावा. पण साचा मागचं सांगतो. आणि विद्यमान राष्ट्रपतींना पुन्हा उभं राहता येत नाही असा कुठला नियम नाही, हेही विसरलं जातं. एकाहून जास्त वेळा निवडून आलेले एकटे राजेंद्रप्रसाद, म्हणून ती शक्यता कोणी धरत नाही.

"आता अमक्या समाजाची पाळी" हेही तसलंच. समाजाचा विचार होतो, जोरात होतो. पण पाळी लावलेली नसते, ती झेडपीच्या आरक्षण सोडतीत.

किरकोळ, पण रोज होणाऱ्या

विधान परिषदेचे आमदार यात मत देत नाहीत. आमच्या गुरुजींनी शिक्षक आमदार कुणाला मत देणार यावर अर्धा तास घातला होता. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. राज्यसभेतले नामनिर्देशित खासदारही देत नाहीत. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र देतात, आणि तिथं आमदार नसतात. दोन्ही निवडणुकांची भेळ करू नका.

मोबाईलवर "निवडणूक आयोगानं जाहीर केलेली संभाव्य नावं" अशी यादी आली तर पुढं ढकलू नका. आयोग तारखा जाहीर करतो, संभाव्य नावं नाही. कोणीतरी अर्ज भरला एवढ्यावरही जाऊ नका. पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक, तेही मतदार असलेले खासदार-आमदार, आणि 15,000 रुपये अनामत, एवढं नसेल तर अर्ज छाननीत उडतो. ही अट नव्हती तेव्हा, 1967 ला, सतरा उमेदवार उभे होते आणि त्यातल्या नऊ जणांना एकही मत पडलं नव्हतं.

विरोधी बाजूचा अंदाज बांधताना "विचारलं" आणि "मान्य केलं" यात फरक करा. 2022 ला शरद पवार, फारुख अब्दुल्ला, गोपाळकृष्ण गांधी अशी एकेक नावं आली आणि तिघांनीही नकार दिला. मग यशवंत सिन्हा. पवार साहेबांचा नकार आल्यावरही आमच्याकडं दोन दिवस "साहेबांचं नाही म्हणजे हो असतं" चाललं होतं.

अंदाज बिघडला असेल तर

आधी कुठं बिघडला ते शोधा. यादीत दहापेक्षा जास्त नावं झाली असतील तर तो अंदाज नाही, किराण्याची यादी आहे. प्रत्येक नावासमोर नको म्हणणारा पक्ष आणि त्याच्या मतांचं मूल्य लिहा, अर्धी नावं तिथंच गळतात. यादीतली सगळी नावं टीव्हीवर रोज दिसणारी असतील तर दोन ओळी रिकाम्या सोडा. 19 जून 2017 ला दुपारी आडतीतल्या टीव्हीवर कोविंदांचं नाव आलं तेव्हा गादीवर बसलेल्या आम्हा पाच जणांपैकी एकानंही ते आधी घेतलेलं नव्हतं. आडवाणींपासून सुमित्राताई महाजनांपर्यंत सगळे आमच्या वहीत होते. शेटजींनी चष्मा वर करून विचारलं, "हे कोण बाबा?" आणि हमालानं सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं, "बिहारचे राज्यपाल हायेत. आमचा पोरगा स्पर्धा परीक्षेचं पाठ करतोय की."

तो पोरगा आता तलाठी आहे. या वेळची वही त्याच्याकडं दिली आहे. वहीत पानं पाडून आकडे भरले आहेत, नावाचा रकाना कोरा. 7 जूनला मृग निघाला की उघडायची, तोवर चुकीचं नाव घेणाऱ्यानं बैठकीचा चहा द्यायचा. गुरुजींकडं आत्तापर्यंत सात चहा निघतात.